कांजूरच्या आधी येणारा वास

"गाडीचं राहू दे. आधी मला एवढंच सांग, झटके गाडी देते की मी देतो?"

काउंटरवर दोन्ही हात टेकून काकांनी हे विचारलं तेव्हा मागे उभी असलेली माणसं हसली. मलाही हसू येणार होतं, पण काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते आतल्या आतच थांबलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, घाम लागू नये म्हणून कॉलरमध्ये घडी करून ठेवलेला रुमाल. जवळच्या बाकावर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिशवीचे बंद हातात असे धरले होते, जणू आत्ता उत्तर मिळेल आणि लगेच उठून जावं लागेल.

आमचं वर्कशॉप बोरीवली पूर्वेला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर आहे. नेहमीच्या तपासणीत ज्या गाड्यांचा आजार सापडत नाही त्या माझ्याकडे येतात. असं म्हटलं की फार मोठं वाटतं, म्हणून सांगून टाकते की मी मूळची मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. माझे वडील बस डेपोत टायर उतरवायचे आणि चढवायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. शिष्यवृत्ती होती, मुलींचं वसतिगृह होतं, चांगले शिक्षक होते, म्हणून मी मेकॅनिकलची इंजिनीअर झाले. मुंबईत आल्यावर मी सगळ्यांनाच 'सर' म्हणायची, अगदी गाड्या धुणाऱ्या माणसालासुद्धा. आमच्या फोरमननी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ए, सगळेच सर झाले तर काम कोण करणार? मला दादा बोल." तेव्हापासून ते दादा आणि मी त्यांची 'सायंटिस्ट'.

काकांची गाडी छोटी, चंदेरी रंगाची, बऱ्याच वर्षांची. पण घरातली भांडी घासावीत तशी घासूनपुसून ठेवलेली. तक्रार अशी, की सावकाश आणि एकसारखी चालवत असताना गाडी मधूनच मागे खेचते आणि लगेच पुढे ढकलते. सिग्नलला उभी असली की इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. आणि हे सकाळी निघाल्याबरोबर होत नाही.

"सोसायटीच्या गेटपर्यंत शहाण्यासारखी येते," काका म्हणाले. "नॅशनल पार्कचं गेट मागे पडलं की सुरू."

त्यांनी आधी दोन गॅरेजांत दाखवलं होतं. दोन्हीकडे स्कॅनर लावला आणि दोन्हीकडे पडदा कोरा. स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, गाडी तशीच. मग त्यांच्या मुलानं स्वतः चालवून बघितली. त्याच्या हातात गाडीनं एकदाही झटका दिला नाही.

"मग तो काय बोलला?" मी विचारलं.

उत्तर बाकावरून आलं. काकू म्हणाल्या, "काय बोलणार? बाबा, गाडी ठीक आहे. तुमचा पाय आता जड पडतो, असं."

काकांनी कॉलरमधला रुमाल काढला, पुन्हा त्याची घडी घातली आणि तो परत ठेवला.

पुढची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. काकूंची थोरली बहीण मुलुंडला राहते. अंथरुणाला खिळलेली आहे आणि कानानं इतकी अधू की फोनवर तिला काहीच ऐकू येत नाही. समोर बसून, तिचा हात धरून, ओठ नीट हलवून बोललं की ती बोलते. दर रविवारी काका काकूंना तिच्याकडे घेऊन जातात. काकूंच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नाहीत आणि भाड्याच्या गाडीत त्यांना मळमळतं, कारण ते चालक गाडी हाणतात. काकांच्या शेजारी बसलं की मळमळत नाही. चाळिसाच्या वेगानं, कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी चाळिसाच्याच वेगानं ते दोघं बोरीवलीहून जोगेश्वरी, पवई, कांजूरमार्ग करत मुलुंडला पोचतात. गेल्या महिन्यात पवईच्या चढावर गाडीनं असा झटका दिला की मागची बस अगदी टेकता टेकता राहिली. ते मुलाला कळलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं चावी स्वतःच्या कपाटात ठेवली. येत्या रविवारी त्याच्या ऑफिसमधला कुणीतरी गाडी बघायला येणार होता. आज काकांनी चावी मागून आणली होती, गाडी विकायच्या आधी सर्व्हिसिंग करून घेतो असं सांगून.

"सर्व्हिसिंग करूच," काका मला म्हणाले. "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. माझा पाय असेल तर मी गपचूप चावी देईन. नसेल तर का देऊ?"

दादांनी स्कॅनर लावला. पडद्यावर बिघाडाचा कोड नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"कोड नाही म्हणजे आजार नाही. काकांना सांग, ऑइल बदलून देतो, घेऊन जा."

"दादा, गरम झाल्यावरच होतं म्हणतात. थोडी चालवून बघू?"

"बाहेर रांग बघ. वाट लागलीय आपली."

"अर्ध्या तासात येते."

"तुझा अर्धा तास मला माहितीय ना," ते म्हणाले, पण स्कॅनर त्यांनी माझ्या हातात दिला. दादांचं असंच आहे. नाही म्हणतात आणि वस्तू हातात देतात.

मी काकांच्या शेजारी बसले. स्कॅनरचा पडदा मांडीवर, वायर डॅशबोर्डखाली. काकूंना बाकावर बसा म्हटलं तर त्या ऐकेनात, मागच्या सीटवर येऊन बसल्या. मी काकांना म्हटलं, रोज चालवता तशीच चालवा, मी आहे म्हणून वेगळी नको. ते चालवायला लागले आणि मला माझे वडील आठवले. टायरचे नट आवळताना वडिलांचा हात असाच चालायचा, घाई न करता. काका गिअर बदलत ते शेजारच्याला कळायचंही नाही.

हायवेला लागलो तेव्हा गाडी शांत होती. मी पडद्यावर एकाच ओळीकडे बघत होते. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ, एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. पेट्रोल जळून गेल्यावर धुरात हवा किती उरली हे तो गाडीच्या कम्प्युटरला सांगतो. हवा जास्त उरली तर कम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कमी उरली तर घटवतो. हे सतत चालू असतं. म्हणून चांगल्या सेन्सरची रेघ पडद्यावर करवतीच्या दातांसारखी दिसते, खटकन वर, खटकन खाली.

कांदिवली मागे पडलं तशी रेघ हलू लागली. पण दात दिसत नव्हते. आमच्याकडच्या माळासारखी रेघ होती ती. सावकाश चढण, वर जरा सपाटी, सावकाश उतार. आणि प्रत्येक उताराच्या शेवटी गाडी मागे खेचत होती.

"बघ!" काका म्हणाले. "आता दिला ना? का मीच दिला?"

मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय हलला नव्हता.

मी काही बोलणार एवढ्यात मागून काकूंनी नाकाला पदर लावला. "आला बघा कांजूरचा वास."

मला कळेना. आम्ही अजून जोगेश्वरीसुद्धा गाठलं नव्हतं.

"काकू, कांजूर तर कितीतरी पुढं आहे."

"तेच मी ह्यांना सांगते. डंपिंगचा वास आधी कांजूरला यायचा. मग पवईला येऊ लागला. आता तर कुठंही येतो. किती कचरा टाकतात गो लोक!"

काका म्हणाले, "वारा फिरलाय, असं मी समजत होतो."

मी खिडकीची काच खाली केली आणि वास घेतला. सडक्या अंड्यासारखा होता, पण बाहेरून येत नव्हता. आमच्याच गाडीच्या धुराचा होता. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जळायला लागलं की धुराला असा वास येतो. मुंबईत राहणाऱ्या माणसाला वास आला की तो आधी शहराला दोष देतो, स्वतःच्या गाडीला नाही. त्या दिवसांत मलाही कुठूनतरी कसलातरी वास यायचा आणि मीही तेच करायची.

परत येताना मला शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. आमच्या प्रयोगशाळेत एकच थर्मामीटर होता, तोही सरांनी स्वतः आणलेला. ते तो गरम पाण्यात बुडवायचे आणि आम्हाला लगेच वाचायला लावायचे. मग थांबायला सांगून पुन्हा वाचायला लावायचे. दोन वेळचे आकडे वेगळे यायचे. "थर्मामीटर खोटं बोलत नाही," सर म्हणायचे, "पण उशिरा बोलतो. कुणी उशिरा बोललं म्हणजे खोटं बोललं असं नाही, आणि लगेच बोललं म्हणजे खरंच बोललं असंही नाही." आम्ही हे पाठ करून टाकलं होतं. त्याचा उपयोग हायवेवर होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

वर्कशॉपमध्ये काकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काका, तुमच्या सोसायटीत वर पाण्याची टाकी आहे?"

"आहे."

"खाली पंप चालू असतो. टाकी भरली की वॉचमन वरून ओरडतो, बंद करा. तो वॉचमन उशिरा ओरडला तर?"

"पाणी गच्चीभर," काका म्हणाले. मग काकूंकडे वळून, "आमचो वॉचमन असोच आसा!"

"मग पंप बंद केला. टाकी रिकामी झाली तरी तो उशिरा ओरडतो, चालू करा. तोपर्यंत सगळ्यांच्या नळाला पाणी नाही. तुमच्या गाडीत हेच होतंय, असं मला वाटतं. सेन्सर उशिरा ओरडतो. पेट्रोल जास्त झालं की मग कमी, कमी झालं की मग जास्त. म्हणून मागेपुढे."

"मग ती मशीन का सांगत नाही?"

"कारण तो ओरडतो ना. वेळेवर नाही, पण ओरडतो. मशीन तेवढंच बघते."

काका म्हणाले, "वाटतं म्हणालीस. नक्की नाही?"

त्यांचं बरोबर होतं. माझं वाटणं घेऊन ते मुलासमोर उभे राहू शकत नव्हते. मी त्यांना गाडी ठेवून जायला सांगितलं.

गाडी थंड झाल्यावर मी सेन्सरच्या आधीच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. तिथून बाहेरची हवा आत जात असेल तर चांगला सेन्सरही फसतो. फेस कुठंच फुगला नाही. मग इंजिन पुन्हा गरम केलं. त्याच मॉडेलची दुसरी एक गाडी काम होऊन उभी होती, तिलाही स्कॅनर लावून बघितला. करवतीचे दात. दोन्ही गाड्यांची हवेची एक छोटी नळी क्षणभर सोडली, म्हणजे आत जास्तीची हवा घुसते. दुसऱ्या गाडीची रेघ दगड टाकावा तशी खाली पडली. काकांच्या गाडीची रेघ विचार करत करत उतरली.

दादा मागे येऊन कधी उभे राहिले मला कळलं नाही.

"च्यायला," ते म्हणाले. "हा तर दुपारी झोपून उठल्यासारखा चालतोय."

सेन्सर काढायला गेले तर तो पाइपात गच्च धरून बसलेला. मी पाना लावून लोंबकळत होते. "हट," दादांनी मला बाजूला केलं. "तू सायंटिस्ट. हे माझं काम." त्यांनी तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि एका हिसक्यात सैल केला. सेन्सर बाहेर आला आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. इतक्या वर्षांच्या सेन्सरचं टोक काजळीनं काळं असायला हवं. हे पांढरं होतं, तांदळाच्या पिठीत बुडवून काढल्यासारखं.

"हा पावडर लावून कुठं निघालाय रे?" दादा म्हणाले.

पांढरं म्हणजे काय हे मी वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. सिलिकॉन. त्याची वाफ इंजिनात गेली की जळून तिची बारीक वाळूसारखी पूड होते आणि सेन्सरच्या टोकावर बसते. मग धूर आत शिरायला वेळ लागतो आणि सेन्सर सुस्तावतो. पण सिलिकॉन आलं कुठून? दादांनी टॉर्च घेतला आणि इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेनं फिरवला. झाकणाभोवती, अगदी सरळ, अगदी सफाईनं, काचेसारख्या पारदर्शक रबराची रेघ ओढलेली होती.

"हे गॅरेजवाल्याचं काम नाही," दादा म्हणाले. "इंजिनाची ट्यूब वेगळी येते. ही खिडकीला लावायच्या सिलिकॉनची आहे."

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी त्यांना ती रेघ दाखवून विचारलं. त्यांचा चेहरा खुलला.

"ते मी केलं! तिथून ऑइल पाझरत होतं. आता एक थेंब नाही, बघ."

आमच्या उपनगरांतल्या जुन्या इमारतींत ही रीतच आहे. मे महिन्यात घराघरात खिडक्यांच्या कडा सिलिकॉननं बंद करून घेतात, नाहीतर पावसात भिंतींना ओल येते. काका हे काम स्वतः करतात, वर शेजाऱ्यांच्याही खिडक्या करून देतात. ट्यूब एकदा फोडली की टिकत नाही, म्हणून उरलेली कुठंतरी लावून संपवायची. बेसिनच्या खाली, मिक्सरच्या झाकणाला, चपलेला. ह्या वर्षी उरलेली त्यांनी गाडीला लावली होती. झटके सुरू झाले गणपतीच्या सुमाराला. दोन्हीचा संबंध कोण जोडणार?

मी त्यांना पांढरं टोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे माझा पाय नाही," ते म्हणाले.

"नाही काका."

"पण गाडी मीच बिघडवली."

त्यांनी रुमाल काढला. मग हळू आवाजात म्हणाले, "झिलाक ह्या सांगा नको. तो म्हणतलो, बघा, आता तुमका कळणासा झाला." बोलता बोलता आपण मालवणीत गेलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा म्हणाले, "मुलाला नको सांगूस बाळा. एवढं कर."

मी म्हटलं, "काका, मी आपणहून नाही सांगणार. पण त्यानं विचारलं तर खोटं नाही बोलणार."

त्यांनी मान हलवली. रागावले की पटलं, ते मला समजलं नाही. मी म्हटलं, "नवा सेन्सर आजच बसवणार नाही. आधी मुलाला बोलवा. त्याला जुन्याच सेन्सरवर गाडी चालवू दे."

"त्याच्या हातात तिला काही होत नाही!"

"होईल," मी म्हटलं.

रात्री मला ते सुचलं होतं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. ते इंजिनाच्या पुस्तकातच आहे. गाडी थंड असताना सेन्सर काम करत नाही, म्हणून कम्प्युटर त्याचं ऐकत नाही. आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला की कम्प्युटर त्याला विचारतच नाही, सरळ पेट्रोल ओततो. सेन्सरवर गाडी अवलंबून असते ती फक्त गरम इंजिनावर, हलक्या पायानं, एकसारखी चालवताना. म्हणजे काका चालवतात तशी चालवताना. मुलगा गाडीत बसला की दाबतो. त्यामुळे हा दोष त्याला कधी भेटलाच नव्हता.

शुक्रवारी मुलगा ऑफिसमधून लवकर निघून आला. चाळिशीचा, दमलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. बाजूला घेऊन मला म्हणाला, "मॅडम, बाबांना बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, प्लीज. आई शेजारी बसते त्यांच्या. त्या दिवशी ती बस थांबली नसती तर?"

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," मी म्हटलं. "तुम्हीच चालवा."

पांढऱ्या टोकाचा सेन्सर आम्ही परत बसवला होता. गाडी गरम करून ठेवली होती. मुलगा स्टिअरिंगवर, काका त्याच्या शेजारी, मी मागे. सर्व्हिस रोडवरून निघालो. त्यानं सवयीनं दाबलं आणि गाडी तीरासारखी सुटली.

"बघा," तो म्हणाला. "मख्खन आहे."

"आता बाबा चालवतात तशी चालवा."

"म्हणजे?"

"चाळीस," काका म्हणाले. "चौथा गिअर. पाय दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. पायाखाली अंडं आहे असं समज."

"बाबा, ह्या स्पीडला रिक्षावाला शिव्या देईल."

"देऊ दे. मला रोज देतात."

मुलानं पाय उचलला. गाडी चाळिसावर आली, शांत झाली. एका बसस्टॉपपर्यंत काहीच झालं नाही. मग गाडी मागे खेचली आणि पुढे ढकलली.

मुलानं खाली पायाकडे पाहिलं.

"मी काही केलं नाही हां."

काका खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा झटका बसला. समोरच्या आरशात मला मुलाचा चेहरा दिसत होता.

"बाबा, हे असंच होतं?"

"रोज."

"पवईला पण असंच झालं होतं?"

"चढावर जास्त होतं."

मुलानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिनाचा आवाज चढत होता, उतरत होता. "आणि मी तुम्हाला इतके दिवस..." तो म्हणाला.

"चल, पुढं घे," काका म्हणाले. "इथं गाडी उभी करू देत नाहीत."

पण मुलानं गाडी हलवली नाही. काकांनी रुमाल काढला, चेहरा पुसला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "आणि ऐक. मॅडम सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. सेन्सर माझ्यामुळं गेला. ती ट्यूब मी लावली इंजिनाला."

"कुठली ट्यूब?"

"खिडकीची. उरलेली."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता झालं. मग त्याच्या तोंडून हसू फुटलं.

"बाबा! मिक्सर झाला, शू-रॅक झालं, देव्हाऱ्याचा पाय झाला. आता इंजिन?"

"देव्हाऱ्याचा पाय हलला का तेव्हापासून?"

"नाही हलला," मुलगा म्हणाला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून हसत राहिला. काकाही हसले. मी मागे बसून गावाकडे फोन करायचा आहे असं उगाच मनात घोळवत होते. मला वडिलांना हे सगळं सांगायचं होतं.

नवा सेन्सर बसवला. दादांनी झाकणाभोवतीचं रबर स्वतः खरवडून काढलं आणि तिथं पाझर रोखणारं नवं गॅस्केट घातलं. "काका, तुमची लाइन सरळ आहे हां," ते म्हणाले. "आमच्याकडे पोरांना जमत नाही इतकी. पण पुढच्या वर्षी ट्यूब उरली तर आमच्या ऑफिसची खिडकी आहे, तिला लावा." पडद्यावर रेघ करवतीच्या दातांसारखी नाचत होती. काकांनी ती चष्मा लावून बराच वेळ पाहिली. एखाद्या नातलगाची तब्येत सुधारल्याचा कागद बघावा तशी.

चावी मी काउंटरवर ठेवली. ती दोघांच्या मध्ये होती. मुलानं ती उचलली आणि काकांच्या खिशात टाकली.

"ऑफिसमधल्याला मी नाही सांगतो," तो म्हणाला. "पण बाबा, उद्या खरंच..."

"उद्याचं मला माहीत आहे," काका म्हणाले. "आता गाडी बरी आहे. ज्या दिवशी बऱ्या गाडीत झटका बसेल, त्या दिवशी मी स्वतः आणून देईन चावी. तुला मागायला लागणार नाही."

मुलानं मान हलवली. ह्यापेक्षा चांगला करार मी कुठल्या कागदावर पाहिलेला नाही.

त्या रात्री मी घरी फोन केला. वडील दर वेळी विचारतात, "तिथल्या गाड्या बऱ्या होतात का?" त्या दिवशी मी त्यांना टाकीवरच्या वॉचमनसकट सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "आणि तो म्हातारा चालवतो का आता?" सेन्सरचं त्यांनी काही विचारलं नाही. मला ते आवडलं.

रविवारी मी वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे घाटकोपरला गेले होते. जेवणाआधी फोन वाजला. काकूंचा होता. आजूबाजूला गाड्यांचा आवाज.

"पोरी, ऐक," त्या ओरडून बोलत होत्या, समोर त्यांची बहीणच असावी तशा. "जोगेश्वरीला वास नाही. पवईला वास नाही. आता कांजूरला आलो आणि आता आला बघ!"

"येतोय ना काकू?"

"खूप येतोय!" त्या म्हणाल्या. डंपिंगच्या वासाचं इतकं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

मागून काकांचा आवाज आला, "फोन ठेव गो. सिग्नल सुटलो."